धन्यवादित उल्मा कुटुंब : एका शेतकरी दांपत्याची साक्ष

जुलै महिन्याचा पहिला आठवडा परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठ्या घाईचा असतो. मृगाचा पाऊस वेळेवर झाला असेल, तर कापूस, सोयाबीन आणि तूर उगवून आलेली असते. पावसाने ओढ दिली असेल, तर दुबार पेरणीची चिंता घराघरांत असते. याच दिवसांत, ७ जुलै रोजी, पोलंड देशातील ख्रिस्तसभा एका अल्पभूधारक शेतकरी कुटुंबाचा सण साजरा करते. योसेफ उल्मा, त्यांच्या पत्नी विक्टोरिया आणि त्यांची सात मुले ही त्या कुटुंबातील माणसे होत. १० सप्टेंबर २०२३ रोजी या नऊही जणांना ख्रिस्तसभेने एकाच वेळी ‘धन्यवादित’ घोषित केले. एका संपूर्ण कुटुंबाला एकत्रितपणे हा मान मिळण्याची ख्रिस्तसभेच्या इतिहासातील ही पहिलीच वेळ होती.

शेतकरी दांपत्याला संतमालिकेत स्थान मिळणे ही गोष्ट मात्र नवी नाही. स्पेनमधील माद्रिद येथे दुसऱ्याच्या शेतावर राबणारे संत इसिदोर आणि त्यांची पत्नी मारिया यांची ओळख आपल्यापैकी अनेकांना आहे. १२ मार्च १६२२ रोजी संत इग्नेशियस लोयोला, संत फ्रान्सिस झेवियर, संत तेरेजा आणि संत फिलिप नेरी या थोर संतांच्या सोबत या साध्या शेतमजुरालाही संतपद देण्यात आले. त्यांचा सण १५ मे रोजी, म्हणजे आपल्याकडे खरिपाच्या मशागतीच्या दिवसांत येतो. संत इसिदोर यांचा काळ मात्र जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यांच्याविषयीच्या पुष्कळ गोष्टी परंपरेने आलेल्या आहेत. उल्मा कुटुंब तसे नाही. त्यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत, त्यांची पुस्तके जपून ठेवलेली आहेत आणि त्यांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांनी दिलेली साक्ष नोंदलेली आहे. आपल्या आजी-आजोबांच्या काळातील हे शेतकरी कुटुंब होते. म्हणूनच त्यांचे जीवन आपल्या वाचकांसमोर थोड्या विस्ताराने मांडावे असे आम्हाला वाटते.

गाव आणि माणसे

मार्कोवा हे गाव पोलंडच्या आग्नेय भागात, वाइंत्सुत या शहराजवळ आहे. गावातील बहुतेक लोक शेतकरी होते आणि बहुतेकांच्या जमिनी लहान होत्या. पिढ्यान् पिढ्या वाटण्या होत गेल्यामुळे जमिनीचे तुकडे पडत गेले होते. मराठवाड्यातील शेतकऱ्याला ही परिस्थिती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी या गावात सुमारे १२० यहुदी लोकही राहत असत. शेजारधर्म, देणे-घेणे आणि रोजचे बोलणे-चालणे हे सर्व त्यांच्याशी होते.

योसेफ यांचा जन्म २ मार्च १९०० रोजी याच गावात झाला. पोलिश भाषेत त्यांच्या नावाचा उच्चार ‘युझेफ’ असा होतो. आपल्याकडील योसेफ ते हेच नाव. त्यांचे शालेय शिक्षण गावातील प्राथमिक शाळेच्या चार इयत्तांपर्यंतच झाले. पुढे लष्करातील सक्तीची सेवा करून ते परत आले आणि शेतीत रमले. परंतु शिकण्याची त्यांची भूक मात्र भागली नव्हती. वयाच्या तिसाव्या वर्षाकडे झुकत असताना, १९२९ साली, त्यांनी पिल्झ्नो येथील शेतकी शाळेत प्रवेश घेतला आणि पुढल्या वर्षी उत्तम गुणांनी तेथील अभ्यासक्रम पूर्ण केला. ज्या वयात गावातील इतर पुरुष लेकुरवाळे झालेले असत, त्या वयात हा माणूस बाकावर बसून शेतीचे शास्त्र शिकत होता.

विक्टोरिया यांचा जन्म १० डिसेंबर १९१२ रोजी मार्कोवा येथेच झाला. त्या सहा वर्षांच्या असतानाच त्यांची आई वारली. शेजारच्या गाच या गावी ग्रामीण तरुणांसाठी चालविण्यात येणाऱ्या लोकविद्यापीठात त्यांनी काही अभ्यासक्रम केले. गावातील हौशी नाटक मंडळीत त्या भाग घेत आणि नाताळच्या नाटकात त्यांनी पवित्र मारियेची भूमिका केली होती. ७ जुलै १९३५ रोजी मार्कोवा येथील संत डोरोथी चर्चमध्ये योसेफ आणि विक्टोरिया यांचा विवाह झाला. त्या वेळी योसेफ पस्तीस वर्षांचे, तर विक्टोरिया बावीस वर्षांच्या होत्या.

नव्या वाटेने जाणारा शेतकरी

योसेफ यांनी गावात फळझाडांची पहिली रोपवाटिका उभी केली. आपल्या आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी फक्त धान्यावर अवलंबून न राहता फळझाडे आणि भाजीपाला लावावा म्हणून ते धडपडत असत. त्यांनी मधमाश्या पाळल्या आणि त्यांच्यासाठी स्वतःच्या कल्पनेने पेट्या व अवजारे तयार केली. तुतीची झाडे लावून ते रेशमाचे किडे पाळीत असत. १९३३ साली जिल्हा कृषी प्रदर्शनात त्यांना दोन गोष्टींबद्दल गौरविण्यात आले : एक, कल्पकतेने बनविलेल्या मधुपेट्या आणि अवजारे, दुसरी, रेशीमकिड्यांचे आदर्श संगोपन. त्यांची तुतीची लागवड पाहण्यासाठी त्या भागातील एक मोठे सरंजामदारही त्यांच्या घरी आले होते.

येथे आपल्या वाचकांना एक साम्य सहज जाणवेल. परभणी येथील कृषी विद्यापीठात रेशीम संशोधन योजना चालते आणि मराठवाड्यातील अनेक लहान शेतकरी आज तुतीची लागवड करून कोष विकतात. कापसाचा आणि सोयाबीनचा भाव आपल्या हाती नसतो, पाऊसही आपल्या हाती नसतो. म्हणून एका लहान शेतातून दोन-तीन मार्गांनी उत्पन्न मिळावे हा विचार आज आपल्याकडे रुजला आहे. योसेफ उल्मा यांनी हाच विचार आपल्या गावात नव्वद वर्षांपूर्वी करून पाहिला होता.

त्यांची जिज्ञासा शेतीपुरती मर्यादित नव्हती. घरी एक लहान पवनचक्की बसवून त्यांनी विजेचा दिवा लावला. गावात रॉकेलच्या दिव्यांऐवजी विजेचा दिवा आधी त्यांच्याच घरी आला. त्यांनी स्वतः कॅमेरा जुळविला आणि छायाचित्रे काढण्याचा छंद आयुष्यभर जोपासला. गावातील लग्नकार्ये, शेतातील कामे, अंगणात खेळणारी मुले, कामात मग्न असलेली विक्टोरिया अशी अनेक छायाचित्रे त्यांनी काढली. आज या कुटुंबाची ओळख जगाला झाली आहे ती पुष्कळ अंशी याच छायाचित्रांमुळे. ते पुस्तकांची बांधणी करीत आणि ग्रामीण तरुणांच्या संघटनेत ग्रंथपाल म्हणून काम पाहत. गावातील सहकारी दूध संस्थेची व्यवस्थाही त्यांनी काही काळ सांभाळली.

या सर्व गोष्टी सांगण्यामागे आमचा एक हेतू आहे. संतांची चरित्रे वाचताना आपण पुष्कळदा त्यांच्या मरणाकडे घाईने धावतो. उल्मा दांपत्याच्या बाबतीत तर तसे होणे अगदी स्वाभाविक आहे, कारण त्यांचे मरण अतिशय भीषण होते. परंतु ज्याने मधुपेटीची रचना स्वतःपुरती ठेवली नाही, फळझाडाचे कलम स्वतःपुरते ठेवले नाही, पुस्तकेही स्वतःपुरती ठेवली नाहीत, त्याचे घर संकटसमयी इतरांसाठी उघडले गेले यात आश्चर्य वाटू नये. देण्याची सवय त्या घराला आधीपासूनच होती.

घरातील भक्ती

योसेफ यांनी सतरा वर्षांचे असतानाच आपल्या धर्मप्रांतातील एका भाविक मंडळात प्रवेश घेतला होता. ख्रिस्तमंदिरे बांधण्यासाठी आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी प्रार्थना करणे व निधी जमविणे हे त्या मंडळाचे काम होते. पुढे ते कॅथोलिक तरुणांच्या संघटनेत सक्रिय झाले. लग्नानंतर पती-पत्नी दोघेही जपमाळेच्या भक्तिमंडळात सहभागी होते. घरात एकत्र प्रार्थना होत असे आणि रविवारची मिस्सा चुकत नसे.

त्यांच्या घरातील पवित्र शास्त्राच्या पुस्तकात एक खूण सापडली आहे. संत लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यापाशी कोणी तरी लाल रेघ ओढून बाजूला ‘होय’ या अर्थाचा एक छोटासा पोलिश शब्द लिहिला आहे. आपल्यावर प्रेम करणाऱ्यांवरच प्रेम केले तर त्यात विशेष ते काय, अशा आशयाच्या संत मत्तयच्या शुभवर्तमानातील वचनाखालीही तशीच रेघ आहे. शास्त्रपाठ ऐकून आपणही ‘आमेन’ म्हणतो; या घरात तो होकार कागदावर लिहिला गेला आणि पुढे त्याची परीक्षा झाली.

विवाहानंतर नऊ वर्षांच्या आत या दांपत्याच्या पोटी सहा मुले जन्मली : १९३६ साली स्टानिस्लावा, १९३७ साली बार्बरा, १९३८ साली व्लादिस्लाव, १९४० साली फ्रान्सिस, १९४१ साली अंतोनी आणि १९४२ साली मारिया. वाढत्या संसाराला थोडी अधिक जमीन हवी म्हणून १९३८ साली त्यांनी पूर्वेकडील एका गावी पाच हेक्टर जमीन विकत घेतली. तेथे जाऊन नव्याने घर मांडण्याचा त्यांचा बेत होता. परंतु १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले, युद्ध सुरू झाले आणि तो बेत तसाच राहिला. उल्मा कुटुंब मार्कोवा येथील आपल्या लहानशा लाकडी घरातच राहिले.

उघडलेले दार

जर्मन सत्तेखालील पोलंडमध्ये यहुदी लोकांचा संहार कसा झाला, हे जगाला ठाऊक आहे. १५ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन प्रशासनाने एक फर्मान काढले. ठरवून दिलेल्या वस्तीबाहेर पडणाऱ्या यहुद्यास मृत्युदंड आणि त्याला आश्रय देणाऱ्यासही मृत्युदंड, असे त्या फर्मानाने ठरविले. १९४२ च्या उन्हाळ्यात मार्कोवा आणि आसपासच्या गावांतील बहुतेक यहुद्यांना ठार मारण्यात आले. जे लपून राहिले, ते शेतांत, ओढ्याकाठच्या घळींत आणि ओळखीच्या लोकांच्या घरी आसरा शोधू लागले.

१९४२ च्या अखेरीस आठ यहुदी माणसे उल्मा यांच्या घरी आली. वाइंत्सुत येथील साउल गोल्डमन आणि त्यांचे चार मुलगे, त्याचप्रमाणे मार्कोवा येथील दुसऱ्या गोल्डमन कुटुंबातील दोन विवाहित बहिणी व त्यांपैकी एकीची लहान मुलगी, असे ते आठ जण होते. त्या वेळी घरात मारिया काही महिन्यांचे तान्हे बाळ होती. आधीच आठ माणसे असलेल्या त्या घरात आता सोळा माणसे राहू लागली. आश्रयाला आलेली माणसे माळ्यावर झोपत. दिवसा ती घरकामात आणि शेतीच्या कामात मदत करीत. साउल यांचे मुलगे योसेफ यांच्याबरोबर कातडी कमावण्याचे काम करीत आणि त्यातून थोडी मिळकत होत असे. याशिवाय आणखी एका यहुदी कुटुंबाला घळीत लपण्याची जागा तयार करून देण्यासही योसेफ यांनी मदत केली होती.

सोळा माणसांना पुरेल एवढे अन्न युद्धकाळात मिळविणे किती कठीण होते, याची कल्पना आपण करू शकतो. दुकानातून जास्तीची वस्तू आणली तरी शेजाऱ्यांना संशय यावा अशी ती परिस्थिती होती. हे एक दिवस किंवा एक आठवडा चालले नाही. सुमारे दीड वर्ष त्या घराने हा भार वाहिला. विक्टोरिया यांच्या वाट्याला यातील किती कष्ट आले असतील! लहान मुलांच्या तोंडून बाहेर काही निघू नये ही काळजी वेगळीच. हा निर्णय एकट्या योसेफ यांचा असता, तर तो इतके दिवस टिकलाच नसता. चूल सांभाळणाऱ्या गृहिणीची संमती त्यात रोज नव्याने होती.

२४ मार्च १९४४

कोणीतरी ही गोष्ट जर्मनांच्या कानावर घातली. आश्रितांची मालमत्ता ज्याच्याकडे ठेवलेली होती, त्या वाइंत्सुत येथील एका पोलिसानेच हे केले असावे असे अभ्यासकांचे मत आहे. २४ मार्च १९४४ रोजी पहाटे जर्मन पोलिसांनी घराला वेढा घातला. प्रथम त्यांनी आश्रयाला आलेल्या यहुद्यांना गोळ्या घातल्या. नंतर योसेफ आणि विक्टोरिया यांना घरासमोर उभे करून ठार केले. विक्टोरिया त्या वेळी गरोदर होत्या आणि त्यांचे दिवस भरत आले होते. मुलांचे काय करावे याविषयी मारेकऱ्यांत थोडे बोलणे झाले आणि मग सहाही मुलांना मारण्यात आले. थोरली स्टानिस्लावा आठ वर्षांचीही झाली नव्हती. धाकटी मारिया दीड वर्षाची होती. त्यानंतर घर लुटण्यात आले.

मृतांना तेथेच पुरण्याचा हुकूम झाला. काही दिवसांनी गावातील पाच पुरुषांनी रात्रीच्या अंधारात, जिवाची पर्वा न करता, उल्मा कुटुंबाचे देह बाहेर काढले आणि शवपेट्यांत ठेवून पुन्हा त्याच जागी पुरले. त्या वेळी त्यांना दिसून आले की विक्टोरिया यांच्या बाळाचा जन्म मरणसमयी सुरू झाला होता. जानेवारी १९४५ मध्ये, जर्मन फौजा गेल्यानंतर, या देहांना गावातील दफनभूमीत विसावा मिळाला.

या भीषण शिक्षेमुळे गावातील इतर आश्रयदाते घाबरून जातील, असा मारेकऱ्यांचा हिशेब होता. परंतु मार्कोवा येथील इतर शेतकरी कुटुंबांनी आपल्या घरी लपविलेल्या यहुद्यांना बाहेर काढले नाही. युद्ध संपेपर्यंत त्या गावात किमान वीस यहुदी जिवंत राहिले. उल्मा कुटुंबाचे नाव आज जगभर झाले आहे. त्यांच्या शेजाऱ्यांची नावे मात्र फारशी कोणाला ठाऊक नाहीत. त्यांचेही स्मरण आपण करावे.

मुलांचा जीव धोक्यात घालणे योग्य होते काय?

हे चरित्र वाचणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांच्या मनात हा प्रश्न येतो. तो दडपून टाकणे आम्हाला योग्य वाटत नाही. दुसऱ्यांना वाचविण्यासाठी स्वतःचा प्राण देणे समजू शकते; परंतु ज्यांनी काहीच निवडले नाही, त्या लेकरांचे काय?

या प्रश्नाचे सोपे उत्तर नाही. तरी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली गोष्ट अशी की त्या मुलांना योसेफ आणि विक्टोरिया यांनी मारले नाही. दोष मारेकऱ्यांचा आहे, दार उघडणाऱ्यांचा नाही. दुसरी गोष्ट अशी की दारात उभ्या असलेल्या माणसांतही एक लहान मुलगी होती. तिला नाही म्हणणे म्हणजे तिला मृत्यूच्या हवाली करणे होते. एका आईसमोर केवळ आपले मूल की परके मूल असा प्रश्न नव्हता. आपल्या मुलांना आपण कशा प्रकारचे आई-वडील म्हणून सामोरे जाणार आहोत, असाही तो प्रश्न होता. तिसरी गोष्ट अशी की प्रत्येक कुटुंबाने असेच करावे असा नियम ख्रिस्तसभा येथे घालून देत नाही. असे धैर्य ही कृपा आहे आणि कृपा कोणावर लादता येत नाही. परंतु ज्यांना ती कृपा लाभली आणि ज्यांनी ती स्वीकारली, त्यांचा मान ख्रिस्तसभा करते.

ख्रिस्तसभेने काय घोषित केले?

युद्धानंतर पुष्कळ वर्षे या कुटुंबाची कथा मुख्यत्वे त्यांच्या नातेवाइकांत आणि गावातच राहिली. १३ सप्टेंबर १९९५ रोजी इस्राएलच्या याद वाशेम या स्मारक संस्थेने योसेफ आणि विक्टोरिया यांना ‘राष्ट्रांतील नीतिमान’ हा मरणोत्तर सन्मान दिला. यहुद्यांचे प्राण वाचविण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्या परधर्मीयांना हा सन्मान देण्यात येतो. २००३ साली ख्रिस्तसभेत त्यांच्या संतपदाच्या प्रक्रियेस आरंभ झाला. २०१६ साली मार्कोवा येथे त्यांच्या नावाने एक वस्तुसंग्रहालय उघडण्यात आले. १७ डिसेंबर २०२२ रोजी तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या रक्तसाक्षीपणाला मान्यता दिली आणि १० सप्टेंबर २०२३ रोजी मार्कोवा येथे कार्डिनल मार्चेल्लो सेमेरारो यांच्या हस्ते मिस्साबलिदानात त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. हजारो भाविक त्या सोहळ्यास उपस्थित होते.

येथे काही बाबी स्पष्ट करणे इष्ट आहे, कारण त्यांविषयी भाविक नेहमी विचारणा करतात.

पहिली बाब चमत्काराची. सामान्यतः एखाद्या व्यक्तीला धन्यवादित घोषित करण्यापूर्वी तिच्या मध्यस्थीने घडलेला एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. रक्तसाक्षींच्या बाबतीत ही अट नसते. त्यांनी सांडलेले रक्त हीच त्यांची सर्वांत मोठी साक्ष मानली जाते. मात्र पुढे संतपद देण्यासाठी साधारणपणे एक चमत्कार आवश्यक असतो. म्हणून आज उल्मा कुटुंब ‘संत’ नसून ‘धन्यवादित’ आहे, हा फरक लक्षात असू द्यावा. धन्यवादित व्यक्तीचा सण सार्वत्रिक ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत नसतो. ज्या देशाशी वा धर्मप्रांताशी तिचा संबंध असतो तेथे तो साजरा होतो. परंतु आपल्या घरगुती प्रार्थनेत त्यांची मध्यस्थी मागण्यास कोणालाही मनाई नाही.

दुसरी बाब रक्तसाक्षीपणाची. या कुटुंबाला विश्वास नाकारण्यास कोणी सांगितले नव्हते. मग त्यांना रक्तसाक्षी का म्हणावे? ख्रिस्तसभेचे उत्तर असे की शेजाऱ्यावरील प्रेम हे ख्रिस्ती विश्वासाचे अंग आहे, त्याला जोडलेली वेगळी वस्तू नव्हे. जे प्रेम प्रभू येशूने शिकविले, त्याच प्रेमाचा द्वेष मारेकऱ्यांच्या कृत्यात होता. म्हणून त्या प्रेमासाठी आलेले मरण हे विश्वासासाठी आलेले मरण होय.

तिसरी बाब सातव्या बाळाची. या बाळाला नाव मिळाले नव्हते आणि त्याचा स्नानसंस्कार झाला नव्हता. तरीही त्याला धन्यवादित कसे म्हटले? सोहळ्यापूर्वी काही दिवस व्हॅटिकनच्या संबंधित विभागाने याचा खुलासा केला. मातेच्या मरणसमयी त्या बाळाचा जन्म झाला आणि आई-वडिलांच्या व भावंडांच्या रक्तसाक्षीपणात त्याला रक्ताचा स्नानसंस्कार लाभला, असे ख्रिस्तसभा मानते. बेथलेहेम येथे हेरोद राजाने मारलेल्या निष्पाप बालकांचा सण आपण २८ डिसेंबर रोजी साजरा करतो. त्या बालकांनाही विश्वासाचे शब्द उच्चारता येत नव्हते. हीच परंपरा येथे लागू झाली आहे.

चौथी बाब सणाच्या दिवसाची आहे आणि आमच्या मते ती सर्वांत बोलकी आहे. संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी येतो. उल्मा कुटुंबाचा सण मात्र २४ मार्च रोजी ठेवण्यात आलेला नाही. तो ७ जुलै रोजी, म्हणजे योसेफ आणि विक्टोरिया यांच्या विवाहाच्या दिवशी ठेवण्यात आला आहे. वेदीसमोर दोघांनी एकमेकांना जो शब्द दिला, त्यातूनच पुढील सर्व काही उगवले, असे ख्रिस्तसभा यातून सुचविते. विवाह संस्काराचा हा केवढा मोठा गौरव आहे!

कोल्हापूरची आठवण

उल्मा यांच्या माळ्यावर आठ जण लपलेले असताना, त्याच वर्षांत, आपल्या महाराष्ट्रातही आश्रयाची एक वेगळी कथा घडत होती. युद्धाने आपल्या भूमीतून उखडलेली पोलिश माणसे, ज्यांत मुख्यतः स्त्रिया आणि मुले होती, सोव्हिएत रशियातील हालअपेष्टा सोसून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत येऊन राहिली. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वस्ती होती. त्यांचे चर्च होते, शाळा होत्या. त्या छावणीत वाढलेली माणसे पुढे जगभर विखुरली; तरी त्यांच्यापैकी अनेकांनी कोल्हापूरची आठवण कृतज्ञतेने जपली आणि वृद्धापणी ती गावे पुन्हा पाहण्यासाठी ती आली. उल्मा यांच्या देशातील लेकरांना मराठी मातीने आसरा दिला होता. तेव्हा ही कथा आपल्याला अगदीच परकी नाही.

आपल्या घरांसाठी

आमच्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबे शेतीवर किंवा शेतमजुरीवर जगतात. मराठवाड्यातील दुष्काळ, कर्ज आणि पडलेला भाव यांनी कित्येक घरे खचली आहेत. काही घरांत कर्ता पुरुष स्वतःच्या हाताने जीवन संपवून गेला आहे आणि मागे राहिलेल्या पत्नीकडे गावही नीट पाहत नाही. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बिऱ्हाड घेऊन बाहेर पडणारी कुटुंबे आपल्याच तालुक्यांतील असतात. माझा शेजारी कोण, हा शास्त्र्याने प्रभूला विचारलेला प्रश्न आपल्या गावांत असा उभा आहे.

सुदैवाने आज आपल्यापैकी कोणासमोर उल्मा यांच्यासारखा प्रसंग नाही. आपल्या दारासमोर बंदूक नाही. म्हणून आपली सबब मात्र त्यांच्यापेक्षा कमी आहे. नव्या पद्धतीने शेती करून ज्याला चार पैसे मिळाले, त्याने ती पद्धत शेजाऱ्याला सांगावी. ज्याच्या विहिरीला पाणी आहे, त्याने ते नसणाऱ्याचा विचार करावा. विधवा भगिनीच्या मुलांच्या शाळेची चौकशी धर्मग्रामातील एखाद्या कुटुंबाने आपणहून करावी. स्थलांतरावर जाणाऱ्या आई-वडिलांची मुले मागे राहत असतील, तर त्यांना एखाद्या घराने संध्याकाळच्या जेवणाला आणि जपमाळेला बोलवावे. ही कामे लहान आहेत. परंतु मार्कोवा येथील दार त्या १९४२ साली एकाएकी उघडले नव्हते. रोपे वाटताना, पुस्तके देताना, प्रार्थनेला गुडघे टेकताना ते वर्षानुवर्षे थोडे थोडे उघडत आले होते.

येत्या ७ जुलै रोजी पेरणीच्या किंवा खुरपणीच्या कामातून आल्यावर आमच्या कुटुंबांनी आपल्या घरातील क्रुसासमोर पाच मिनिटे एकत्र बसावे, पती-पत्नींनी आपल्या विवाहाच्या वचनाचे स्मरण करावे आणि गावातील एका गरजू घराचे नाव घेऊन प्रार्थना करावी, अशी आमची विनंती आहे. त्यासाठी पुढील लहानशी प्रार्थना उपयोगी पडेल.

हे स्वर्गीय पित्या, योसेफ आणि विक्टोरिया यांना तू एकमेकांच्या हाती सोपविलेस, त्यांच्या लहानशा शेतात कष्ट करण्याची शक्ती दिलीस आणि संकटात सापडलेल्यांसाठी त्यांचे घर उघडे ठेवलेस. आमच्या शेतांवर वेळेवर पाऊस पाड, आमच्या संसारांत एकोपा ठेव आणि जो कोणी आमच्या दारी येईल त्याच्यात तुझ्या पुत्राला ओळखण्याची बुद्धी आम्हाला दे. आमच्या प्रभू ख्रिस्ताच्या द्वारे. आमेन.

धन्यवादित उल्मा कुटुंबा, आम्हांसाठी विनंती करा.